आमची वाटचाल: पिवळ्या रेघेची गोष्ट

आमचा व्यवसाय सुरू झाला तो एक जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि एका टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'क्लिक' होणाऱ्या पान्यावर. रेंच माझ्या भागीदाराचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो गेला तेव्हा रेंचही घेऊन गेला.

गाडी गॅरेजात न्यायची नाही, गॅरेजच गाडीच्या दारात न्यायचं, असं ठरलं. काम फक्त पुढच्या सस्पेन्शनचं. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा), बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा), शॉकअप आणि त्याचं माउंट. इंजिनाला हात लावायचा नाही. ज्याला स्वतः करायची हौस असेल त्याला हत्यारं भाड्याने द्यायची आणि शेजारी उभं राहायचं. या शेजारी उभं राहण्याचे पैसे आम्ही कधी लावले नाहीत. भागीदार त्यावरून कायम कुरकुरायचा.

हत्यारांत माझा जीव पुलरवर, म्हणजे घट्ट बसलेला जॉइंट ताण देऊन सोडवणाऱ्या हत्यारावर. आधी आम्हीही जॉइंटच्या फटीत काटा घालून हातोडा हाणायचो. जॉइंट सुटायचा, पण रबरी बूट फाटायचा. टाय रॉड एंड चांगला असूनही नुसता बाजूला करायचा असेल, तर तो फुकट जायचा. पुलर लावून ताण द्यायचा, मग नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) डोळ्यावर, म्हणजे जॉइंट बसतो त्या भोकाच्या कडेवर, बाजूने एक नेमका ठोका. टण् असा आवाज येतो आणि टॅपर, म्हणजे जॉइंटचा निमुळता खुंट, जागा सोडतो. नट मात्र दोन-चार आट्यांवर राहू द्या, नाहीतर आर्म सुटून नडगीवर येतो. माझ्या डाव्या नडगीवर अजून खूण आहे. आणि टाय रॉड एंड बदलताना जुना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून नवा तितक्याच फेऱ्या बसवा. चाकांची अलाइनमेंट तरीही करावीच लागते, पण निदान तिथपर्यंत गाडी सरळ जाते.

स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, आम्ही एकट्याला भाड्याने देत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात नेते, जीवही नेते. स्प्रिंग नीट दाबली गेल्याशिवाय शॉकअपच्या मधल्या नटाला पाना लावायचा नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

आता मूळ गोष्ट. काम वाढलं तसं भागीदाराने वेळ वाचवायची युक्ती काढली. गाडी घोड्यांवर आहे, चाकं लोंबतायत, तेवढ्यातच आर्मचे सगळे बोल्ट पूर्ण आवळून मोकळं व्हायचं. मी 'हो' म्हटलं. तो 'हो' मला फार महाग पडला.

सहा-सात महिन्यांत गाड्या परत येऊ लागल्या. आर्मचे बुश, म्हणजे आर्म बोल्टने जोडतात तिथले रबरी तुकडे, फाटलेले. एक आली, दोन आल्या, मग रांगच लागली. मी सरळ सुट्या भागांच्या व्यापाऱ्याची गचांडी धरली. नकली माल दिलास म्हणून चारचौघांत बोललो. त्याने उधारी बंद केली. हमीवर आम्ही पदरमोड करून आर्म बदलत होतो आणि नवेही तसेच आवळत होतो. याच काळात भागीदार बाहेर पडला आणि महिन्याभरात आमचाच धंदा आमच्याच कामाच्या याद्या घेऊन त्याने वेगळा थाटला. "ते घरी येऊन गाडी बिघडवतात," हे त्याचं वाक्य मला गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकावं लागलं. युक्ती कोणाची होती ते मी कोणाला सांगत बसणार?

वाचवलं ते बाईंनी. निवृत्त गणिताच्या शिक्षिका, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांच्या गाडीचा डावा आर्म आम्ही बसवला होता. उजवा त्यांनी पुढच्या रविवारी स्वतः बसवला, गाडीची हातपुस्तिका बोनेटवर उघडी ठेवून. डावा बुश फाटला, उजवा ठणठणीत. मी व्यापाऱ्याला शिव्या घालत गाडीखालून बाहेर आलो, तर बाई वही घेऊन उभ्या. म्हणाल्या, "आर्मचा डबा एकच, गाडी तीच, रस्ता तोच. मग तुमच्या बाजूला वेगळं काय झालं, ते सांगा."

त्यांनी उजवा बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर आवळला होता. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते, बाहेरची आर्मसोबत फिरते आणि मधलं रबर पिळतं. लोंबत्या चाकावर आवळलं, की गाडी खाली येताच रबराला जन्माचा पीळ बसतो. मग प्रत्येक खड्ड्यात तो वाढतो. एवढं साधं होतं. मला माहीतही होतं, म्हणूनच जास्त लागलं.

व्यापाऱ्याकडे जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला, उधारी मात्र आजपर्यंत दिलेली नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा. आर्मचे बोल्ट आधी नुसते बसते करायचे, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करायची, मग टॉर्क रेंच, आणि क्लिक झाल्यावरच बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ. रेघ बाई ओढायच्या पहिल्या काही गाड्यांवर, हौसेने. नंतरची वर्षं बरी गेली. पोरं शिकली, दुसरी व्हॅन आली.

मागच्या महिन्यात एक अनोळखी गाडी आली, पुढून खडखड. आर्मच्या बोल्टवर अगदी आमच्यासारखीच पिवळी रेघ. मी पोरांवर ओरडलोच. मग मालकाने पावती दाखवली. ती भागीदाराच्या दुकानाची होती. बोल्ट रेघेपासून केसभरही हललेला नव्हता, आणि बुश आडवा फाटला होता.