ओळखा आणि वर्गीकरण करा

मासळी बाजारात दुपारी तीननंतर जावं, भाव उतरलेले असतात, हे मला सासूबाईंनी शिकवलं. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे रविवारी कोंबडी नाहीतर मटण, मासा आला तर धरणातला, आणि तोही काटे फार म्हणून आई नाक मुरडणार. त्यामुळे ठाण्यात वीस-बावीस वर्षं काढूनसुद्धा मी टोपलीसमोर उभी राहिले की मावशी लगेच ओळखतात, ही घाटावरची, हिला पापलेट सोडून काही कळत नाही.

तर परवा माकुल घेतलं, म्हणजे स्क्विड. मावशींनी मुंडकं धरून ओढलं, आतला पसारा बाहेर आला, मग दोन बोटं आत घालून एक लांबलचक पारदर्शक पट्टी सर्रकन काढली आणि बाजूला टाकली. आणि मी एवढ्या बाजारात जोरात म्हटलं, "पेन!"

"काय पायजे?" मावशी.

"काही नाही, ते... ते मला द्या ना पिशवीत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण त्या पट्टीला पेनच म्हणतात, खरंच. माकुल शंख-शिंपल्यांच्या भावकीतलं, बाकीचे आपापली घरं पाठीवर घेऊन बसले, याने घर सोडलं आणि त्यातली एवढी पट्टी तेवढी अंगात राहिली. वर शाईची पिशवीपण असते आत. पेन आहे, शाई आहे, आणि जर्नल पूर्ण करायची कटकट नाही, असा प्राणी.

एफवायला झूलॉजी घेतलं तेव्हा मी समुद्र बघितलेला नव्हता. हे आता मुलीला सांगितलं तर तिला खोटं वाटतं. पण आमच्या लॅबमधल्या त्या तीन कपाटांत समुद्र होता, बरण्यांमध्ये. तारामासा, समुद्रघोडा, जेलीफिश, मुशी, आणि लोलिगो म्हणून हेच माकुल. सगळे फॉर्मॅलिनमध्ये, आणि सगळे एकाच रंगाचे. चहात बुडवून विसरलेल्या टोस्टचा असतो ना, तो रंग. आम्हाला शिकवायचे प्राण्यांमधलं वैविध्य आणि समोर पन्नास-साठ बरण्यांमध्ये पन्नास-साठ टोस्ट. बरणी उघडली की डोळ्यांतून घळाघळा पाणी, त्यामुळे नवीन मुलींना वाटायचं की ही फारच हळवी आहे, मेलेल्या गोगलगायीसाठी रडते.

पोरिफेरा, सिलेंटराटा, प्लॅटीहेल्मिन्थेस, अ‍ॅस्केल्मिन्थेस, अ‍ॅनेलिडा, आर्थ्रोपोडा, मोलस्का... हे प्राण्यांचे मोठे गट मला अजून पाढ्यांसारखे येतात, मध्ये अडवलं तर मात्र पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि चित्रं. बायोलॉजीच्या चित्रात शेडिंग चालत नाही, ठिपके द्यायचे, लेबलच्या रेघा पट्टीने, सगळ्या उजवीकडे, एकमेकींना छेदता कामा नयेत. माझ्या गांडुळाच्या रेघा एकदा छेदल्या तर मॅडमनी पान फाडून हातात दिलं. गांडूळ मात्र छान आलं होतं, अजून म्हणते.

गांडूळ नि झुरळ आम्ही कापलेही. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून. झुरळाच्या लाळग्रंथी अख्ख्या बाहेर काढणं हे त्या काळी वर्गात मान असण्याचं कारण होतं, माझ्या कधीच अख्ख्या निघाल्या नाहीत. पुढे २०१४ मध्ये यूजीसीने हे विच्छेदन प्रकरण बंदच करायला सांगितलं, बरं झालं, आता मुलं स्क्रीनवर बघतात म्हणे. झुरळांना पत्ता लागला असेल की नाही माहीत नाही, आमच्या किचनमध्ये तरी निर्धास्त फिरतात.

पण मुख्य भीती स्पॉटिंगची. परीक्षेला टेबलांवर ओळीने बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नंबर, नावाच्या चिठ्ठ्या झाकलेल्या, आणि कागदावर एकच वाक्य, ओळखा आणि वर्गीकरण करा. दोन मिनिटं झाली की घंटा, पुढे सरका. आम्ही वर्षभर काय केलं होतं, तर प्राणी नाही, बरण्या पाठ केल्या होत्या. म्हणजे काळं झाकण आणि मेण लावलेली चीर, नेरीस. बुटकी रुंद, आत धाग्याने काचेच्या पट्टीला बांधलेलं, अ‍ॅम्फिऑक्सस. उंच, काठाला टवका उडालेला, बॅलॅनोग्लॉसस. मी तर एका मैत्रिणीला दहा रुपयांच्या पैजेवर डोळे अर्धे मिटून अख्खं कपाट म्हणून दाखवलं होतं.

आणि दिवाळीच्या सुट्टीत लॅबमधल्या मामांनी फॉर्मॅलिन बदललं. बिचाऱ्यांनी एवढ्या निगुतीने सगळ्या बरण्या धुतल्या, पुसल्या, आणि हाताला येईल त्या बरणीत येईल तो प्राणी घातला, चिठ्ठ्या मात्र नव्याने चिकटवल्या. आम्ही सुट्टीनंतर तिकडे बघितलंच नाही, पाठ होतं ना सगळं. परीक्षेत सात नंबरला उंच, टवका उडालेली बरणी. मी हसले मनात. बॅलॅनोग्लॉसस, शरीराचे तीन भाग, सोंड, गळपट्टी, धड, खाली स्वच्छ अक्षरात वर्गीकरण, आणि मिनिटभर उरलं म्हणून छोटं चित्रपण काढलं. आत होता नेरीस. दोन्ही बाजूंनी शेकडो पाय फुटलेला, नेरीसपेक्षा नेरीस दिसणारा नेरीस, शेंबड्या पोराने सांगितलं असतं की बाई याला पाय आहेत. मी बघितलंच नव्हतं. एकदाही नाही, त्या दोन मिनिटांत डोळे बरणीच्या काठावरून खाली उतरलेच नाहीत.

एक्सटर्नल सरांनी व्हायवाला तेवढं विचारलं, "बाळ, गळपट्टी कुठे दिसली तुला?"

याच्यापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट दुसरी आहे, आणि ती परीक्षेत आलीही नव्हती. बेडूक. राना टिग्रिना लिहिलेली बरणी, आत पाय पसरून पोट दाखवत असलेला टोस्टच्या रंगाचा बेडूक. (आता म्हणे नाव बदललंय, हॉप्लोबॅट्रेकस टायगेरिनस. सासरी नाव बदलतात तसं, जुन्या लोकांच्या तोंडात माहेरचंच.) तर या बेडकाची मी वर्षभर चित्रं काढली आणि मला कळलं नाही की याला मी ओळखते.

आजोळी विहिरीच्या खालच्या अंगाला एक खाचर होतं. वळवाचा मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पिवळे बेडूक असायचे. पिवळे म्हणजे कसे, हळदीत लोळवल्यासारखे. गालाखाली दोन्हीकडे निळे फुगे, आणि असा आवाज की दोन माणसं बांधावर उभी राहून बोलू शकत नाहीत. आजोबा म्हणायचे, नवरदेव आलेत बघा. आम्ही पोरं चिखलात गुडघाभर, एकाला हात लावला की सगळं खाचर एकदम गप्प. मग कुणीतरी एक बारीक ड्रांव करणार, मग दुसरा. आणि चार दिवसांनी सगळे गायब, किंवा असतील तिथेच, पण मळकट हिरवे झालेले, त्यामुळे आम्हाला वाटायचं की पिवळे कुठून तरी येतात नि जातात. पाऊस त्यांना आणतो असं मी पाचवी-सहावीपर्यंत धरून चालले होते. ते तेच, विणीच्या हंगामातले नर, हे मला बीएस्सी होऊन, बीएड होऊन, पोर झाल्यावर एका रविवारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या कळलं. मी उठून आत गेले, भांडी घासली सगळी. काय करणार.

मुलीला मात्र पहिल्यापासून जिवंत दाखवायचं ठरवलं होतं. जुहूला पावसाळ्यात फायजेलिया वाहून येतात, निळ्याशार, फुग्यासारख्या. लांबूनच बघ म्हटलं, चावतात. मग राहवेना, सांगितलं की हा एक प्राणी नाहीये, वसाहत आहे, कुणी नुसतं तरंगायचं, कुणी शिकार धरायची, कुणी पचवायची, कुणी पिल्लांचं बघायचं, सगळे चिकटून. ती म्हणाली, म्हणजे आपली सोसायटी. मी म्हटलं छे गं, आपल्याकडे मीटिंगला कोरम होत नाही. आणि बरणीतली? ती पांढरट फाटक्या पिशवीसारखी होती, तिच्यावर मी 'रंगहीन' असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे.

तर माकुल घरी आणलं. पेन धुतलं, ओट्यावर ठेवलं, लेकीला हाक मारली, ती कानात इअरफोन घालून आली, बघितलं, "कूल" म्हणाली, गेली. मी उजेडात धरून बघत बसले. फार सुंदर आहे हो ते, पिसासारखं, मधून एक शीर. लॅबमध्ये काचेच्या पट्टीवर चिकटवलेलं होतं, नुसतं पिवळं पडलेलं. तेवढ्यात इकडे माकुल शिजून रबर झालं, ते दोन मिनिटांत काढायचं असतं, नाहीतर मग तासभर ठेवायचं, मधलं काही चालत नाही. नवरा मुकाट चावत बसला.

सकाळी कामाला ताई आल्या. पेन वाळून गुंडाळलं होतं, ओट्याच्या कडेला पडलेलं. सोसायटीत कचऱ्याचं आता फार कडक केलंय, चुकीच्या डब्यात गेलं तर खालचा माणूस परत वर पाठवतो.

"ताई, हे ओल्यात टाकू का सुक्यात?"

मी बघितलं. दिसतंय प्लास्टिक. पण आहे प्राण्याचं. पण वाळलंय.

"थांबा जरा," म्हटलं.