आउट झाला, पण गेला नाही

बेसबॉलची मॅच. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, तिसरा स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर आउट, तीन आउट म्हणजे इनिंग संपली. ग्रुपवर ‘जिंकलो’ पडलंसुद्धा. आणि बॅटर पहिल्या बेसकडे सुसाट! चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमधून निसटून मागच्या भिंतीपाशी.

“अरे, आउट झाला ना तो?”

“झाला. पण गेला नाही.”

हसू आलं, पण उत्तर चोख होतं. तिसरा स्ट्राइक कॅचरने झेलला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील, तर बॅटरला पळता येतं. दोनपेक्षा कमी आउट आणि पहिल्या बेसवर रनर असेल तर नाही. नाहीतर कॅचर मुद्दाम चेंडू पाडून डबल प्ले, म्हणजे एका फटक्यात दोन आउट, उकळेल. बॅटर पळून वाचला तरी चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकची नोंद) मात्र जमा होतोच. म्हणूनच एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट होऊ शकतात.

‘जिंकलो’वाल्याने मेसेज गुपचूप डिलीट केला. स्क्रीनशॉट कोणाकडे आहे?