टाचेवरचा काळा डाग
आज मावशीला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, टाचेवरचा काळपट डाग सगळ्या रामबागेला कुरूपच (कॉर्न) वाटत होता, कॉर्न कॅप लावून लावून कातडी सोलवटलेली. डॉक्टरांनी डर्माटोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बराच वेळ पाहिलं नि म्हणाले बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करूच. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनोमा (कातडीचा एक घातक कॅन्सर) मुळात कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली, जिथे इंदूरचं ऊन पोचतच नाही! जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ ला निघालेला, १९८१ ला गेला, अवघा ३६ वर्षांचा. नखातली काळी पट्टी रुंद होतेय, काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरतोय, जखम भरतच नाहीये, तर प्लीज मलमं चोळत बसू नका. कधी कधी तर मेलॅनोमा काळा नसतोच, गुलाबी असतो. मावशीचा रिपोर्ट यायचाय, खूप धाकधूक होतेय.