दिवे घाटात बोनेट वर

आमच्या जुन्या गाडीला हडपसरचं ट्रॅफिक झेपतं, घाटही झेपतो, पण मे महिन्यात दोन्ही लागोपाठ दिले की इंजिन तापून टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकलाच म्हणून समजा. खाली मस्तानी तलाव, वर अजून निम्मा घाट आणि मेकॅनिक म्हणाल तर एक मागे राहिला, दुसरा थेट सासवडला. अशा वेळी काहीतरी भारी टेक्निकल करायचं असतं असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. कडेला घ्यायची, बंद करायची, बोनेट उघडायचं आणि अर्धा तास गप्प बसायचं. पण पुणेकराला सांगा बरं गप्प बसायला!

त्यात बोनेट वर दिसलं की स्कूटरवरचे एखादे काका थांबतातच. "झाकण उघडा आधी, वाफ जाऊ दे." अहो काका, तीच तर करायची नाही गोष्ट! पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, पण रेडिएटरचं, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं, झाकण कुकरच्या शिट्टीसारखं प्रेशर धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि तुम्ही झाकण फिरवलंत की प्रेशर गेलं, सगळं एकदम उकळून थेट तोंडावर. मग दुसरा सल्ला येतो, "इंजिनवर गार पाणी ओता." तेही नको, तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो आणि त्याचा खर्च ऐकून आपलंच टेम्परेचर वाढतं.

थांबायला जागाच नसेल तर एसी बंद आणि हीटर फुल. मेमध्ये हीटर लावलेला बघून मागच्या सीटवरून "अरे वेडा झालास का" येतं, येऊ दे, हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनची गरमी तो आत आपल्याकडे पाठवतो.

गार झाल्यावर खरी मजा. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता का? आधी फ्यूज बघा, उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा. पाण्याचा होजपाइप क्लिपपाशीच चिरलाय? मग तेवढा तुकडा कापून, पाइप पुन्हा चढवून क्लिप आवळायची. मधेच चिरलाय? सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वर तार. मग रेडिएटरचं झाकण पूर्ण आवळायचं नाही, म्हणजे जोडावर प्रेशर येत नाही, अर्थात तेव्हा पाणी पुन्हा ९८ लाच उकळणार म्हणून निवांत चालवायची. जुने ट्रकवाले बारीक गळतीसाठी रेडिएटरमध्ये हळद टाकतात, चालतं म्हणे बऱ्यापैकी, पण मला ती स्वयंपाकघरातच बरी वाटते. साधं पाणी घरी पोचेपर्यंत ठीक, नंतर कूलंटच भरा, नाहीतर आतून गंजतं.

शेवटी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघायची. ऑइल पांढरट, फेसाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय, बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं, आता ट्यूब नाही न् हळद नाही, स्टार्टरला हातही लावायचा नाही. टोइंगवाल्याला फोन करायचा आणि तो "नक्की कुठे?" विचारायच्या आत वळणं मोजून ठेवायची.