तुम्ही विचारलंत म्हणून: पेपरवाल्यांचं तुम्हाला एवढं काय पडलंय?

"काकू, सगळे पेपरवाले विकले गेलेत, त्यांच्या स्वातंत्र्याची तुम्हाला कसली काळजी?" असं कुणी ना कुणी विचारतंच, कधी लिफ्टमध्ये, कधी रद्दीवाला आला की, कारण सोसायटीत तीन पेपरांची रद्दी फक्त आमच्याकडेच निघते. मी हसून सोडून देते, चौथा मजला येईपर्यंत सांगून होणारी गोष्ट नाहीये ती. आज सांगते.

९६-९७ च्या सुमारास मी ठाण्यात, नौपाड्यात एका साप्ताहिकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर टाईप करून पानं लावायचं काम करायचे. नाव नाही सांगत, ते कधीच बंद पडलंय. एक खोली, दोन कॉम्प्युटर, त्यात पानं लावायचं पेजमेकर सॉफ्टवेअर, आणि पंखा लावला की ट्रेसिंगचे कागद उडतात म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. गुरुवारी रात्री पानं लावायची, प्रिंट काढायच्या, मग एक मुलगा त्या गुंडाळून प्रेसला न्यायचा. बातमीदार एकच, अक्षर इतकं घाणेरडं की मी त्याला शेजारी बसवूनच टाईप करायचे.

त्याने एकदा बातमी आणली. एका नाल्यावर स्लॅब टाकून वर गाळे काढले होते, परवानगीचा कागद कुणालाच दाखवता येत नव्हता, आणि मागच्या चाळीत पहिल्याच पावसात गुडघाभर पाणी. तिथल्या एका बाईने घरातल्या भिंतीवर दरवर्षीचं पाणी कुठवर आलं त्याच्या पेन्सिलने रेघा मारून ठेवलेल्या, पोरांची उंची मार्क करतात ना तशा, बाजूला साल लिहून. तेवढं वाक्य टाईप करताना मी थांबले होते हे आठवतंय. तीन कॉलम, हेडिंगसकट वीस सेंटीमीटर.

पान लागलं, साडेनऊ वाजले आणि मालक आले. ओरडले वगैरे अजिबात नाहीत, उलट सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले. म्हणाले, "ताई, ती तीन कॉलमची काढा, तिथे हे घ्या." गाळेवाल्याच्या भाच्याचा वाढदिवस होता. गॉगलवाला फोटो, हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुक म्हणून अठरा नावं. साईज तंतोतंत बसली, जराही कापावी लागली नाही, हेच मला जास्त झोंबलं. पण काढली मीच, आणि वडापावही खाल्ला.

चाळ पडली, कुणी वाहून गेलं असं काही झालं नाही, सांगून टाकते, नाहीतर तुम्ही वाट बघाल. पाणी भरत राहिलं, बस. पण त्या शुक्रवारी पेपर वाचणाऱ्या एकालाही काही कमी आहे असं वाटलं नसणार. आमटीत मीठ नसलं की पहिल्या घासाला कळतं, न आलेली बातमी कुणाला कळणार?

ठाण्याजवळची, शिळफाट्याची लकी कंपाऊंड बिल्डिंग ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. बेकायदा, काही महिन्यांत उभी केलेली, काम चालू असतानाच खाली लोक राहायला आलेले. मग बिल्डरांबरोबर महापालिकेतले अधिकारी आणि पोलीसही अटक झाले. तेव्हा सगळीकडे पहिलं पान तेच होतं, आणि पडलेल्या बिल्डिंगची बातमी छापायला कुणालाच काही लागत नाही हो. उभ्या बिल्डिंगची छापायला लागतं.

आणि आमच्याकडे वडापाव होता, सगळ्यांच्या नशिबी तो नसतो. राजापूरच्या पत्रकार शशिकांत वारिशेंची रिफायनरीबद्दलची बातमी फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्या दिवशी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा आपल्या राज्याचा कायदा २०१७ चा, म्हणजे तो होताच.

आता विकले गेलेत म्हणता, तर हो, बरेच गेलेत, मी डोळ्यांनी बघितलंय. पण म्हणून त्यांचं स्वातंत्र्य गेलं तरी चालेल हे गणित मला कळत नाही, कारण ते त्यांचं एकट्याचं नाहीच. घटनेच्या १९व्या कलमात प्रेस हा शब्दसुद्धा नाहीये, तिथे नागरिकांचं बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, त्यातच हे आलं. १९६० साली केंद्राने हुकूम काढला होता की पेपरची पानं जेवढी त्याप्रमाणे किंमत ठेवायची, म्हणजे एकतर पानं कमी करा नाहीतर भाव वाढवा आणि गिऱ्हाईक घालवा. पुण्याचा सकाळ त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि जिंकला, हे थोडंफार माहीत असतं लोकांना. पण सकाळच्या वाचकांनीही वेगळे अर्ज केले होते! पेपर वाचणारी माणसं पेपरच्या पानांसाठी दिल्लीला कोर्टात. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं, आपण लिफ्टच्या मेंटेनन्सच्या मीटिंगला येत नाही.

आणि बातमी दाबून सत्तेवाल्यांचंही भलं होत नाही. आणीबाणी लागली त्या रात्री दिल्लीत पेपरांच्या प्रेसची लाईटच तोडली होती, पुढे सेन्सॉर, सक्तीच्या नसबंदीबद्दल चकार शब्द नाही. मग १९७७ ला निवडणूक लावली आणि इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पडल्या. माझं मत विचाराल तर लोक काय बोलतायत हे कळायचा रस्ता त्यांनी स्वतःच बुजवला होता.

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या मागच्या गटाराचा अर्ज घेऊन एका सरकारी ऑफिसात गेले होते. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा." पोचचा शिक्का मागितला तर शिक्का कपाटात, कपाटाची चावी कुणाकडे तरी. मी बाकावर बसले, पिशवीतून पेपर आणि पेन काढून शब्दकोडं सोडवायला लागले. दहाएक मिनिटांनी टेबलावरचा माणूस माझ्याकडे, पेनाकडे बघून हळूच म्हणतो, "मॅडम, तुम्ही प्रेसमधून का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चावी त्याच्याच खिशात होती.