जुना कोबा, नवा रंग आणि साइट व्हिजिट

घरी येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, टाइल्स का नाही लावल्या? त्याचं उत्तर देऊन टाकते. आमचं घर नागपूरचं, सक्करदऱ्याकडचं, सासऱ्यांनी बांधलेलं. सागवानी चौकटी आणि खाली कोबा, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन. टाइल म्हटली की मसाला धरून दीड-दोन इंच जमीन वर येते. मग सगळे दरवाजे खालून कापा, उंबरे बुडवा आणि न्हाणीचं पाणी खोलीत येतं का ते बघत बसा. फोडून काढायचा तर मलबा उचलण्याचा खर्च वेगळा. आणि कोबा आतून धड होता. वरचा सिमेंटचा थर झिजून खडबडीत झालेला, थोड्या भेगा, आणि कधीकाळी कुणी मारलेल्या लाल पेंटचे पोपडे, एवढंच दुखणं.

मिस्त्री आले आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत खोलीभर फिरले. जिथे भद्द आवाज आला तिथे खडूने गोल केला. हे तुम्हीसुद्धा करू शकता. तेवढे पोकळ भाग काढून नव्याने भरायचे, बाकी जमिनीला हात लावायचा नाही. "ताई, कोबा लोखंड आहे," मिस्त्री म्हणाले. "याले फोडाचं काम नाही. घासा अन् रंग मारा." एवढं ऐकून मी सासूबाईंना सांगितलं की आठवड्याभरात घर मोकळं होईल. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

घासणं लगेच झालं. मोझॅक पॉलिश करणारेच हे काम करतात. हिऱ्याचे सेगमेंट (हिऱ्याची पूड बसवलेले घासायचे तुकडे) लावूनच घासा असं आधी बजावा, साधा दगड जुन्या पेंटने बुजून जातो आणि नुसता गुळगुळीत फिरत राहतो. मिस्त्रींचा आग्रह ॲसिडने धुवायचा होता, मी नाही म्हटलं. पेंटखाली ॲसिड पोचतच नाही आणि घरात म्हातारं माणूस. पाणी टाकून घासलं तर चिखल होतो, तो नालीत सोडू नका, तिथे दगड होऊन बसतो. कोरडं घासलं तर धुळीत सिलिका असते, रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क घ्या. भेगा व्ही आकारात कापून भरल्या. झालं.

आणि मग आम्ही अडकलो.

रंगाच्या दुकानदाराने इपॉक्सी सुचवला, म्हणजे दोन डबे एकत्र कालवून मारायचा, कडक थर धरणारा रंग. कंपनीची वॉरंटीही होती, पण अट अशी की आधी कंपनीचा तंत्रज्ञ येऊन जमिनीतली आर्द्रता मोजणार. मला अट आवडली होती, हे मुद्दाम सांगते. ॲपवर अर्ज भरला. जमिनीच्या प्रकारात मार्बल होता, ग्रॅनाइट होता, कारखाना होता, पार्किंग होतं, घरातला कोबा नव्हता. 'इतर' निवडलं. 'इतर' निवडलं की फोटो मागतात, फोटो टाकले की 'फाइल मोठी आहे' म्हणतात. ते निस्तरल्यावर मेसेज आला: तंत्रज्ञ ११ ते २ च्या दरम्यान येतील.

तोवर दोन खोल्यांचं सामान एका खोलीत होतं. फ्रिज व्हरांड्यात, दिवाण आलमारीला टेकून उभा, सासूबाईंची औषधं कुठल्या डब्यात ते कुणाला आठवेना. पोहे करायचे तर कढई काढायला गाद्यांवरून पलीकडे जायचं. अशात ११ ते २ घराबाहेर पाऊल न टाकता बसायचं. दोन वाजून गेल्यावर फोन आला, "मॅडम, लोकेशन सापडत नाहीये." मी चौकात उभी राहते म्हटलं तर फोन कट. संध्याकाळी मेसेज: 'आपली साइट व्हिजिट यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. कृपया रेटिंग द्या.'

हेल्पलाइनवरची मुलगी बोलायला गोड होती. "मॅडम, सिस्टिममध्ये व्हिजिट झालेली दिसतेय."

"मग आर्द्रता किती निघाली तेवढं सांगा."

जरा वेळ शांतता. "रीडिंग अजून अपलोड व्हायचं आहे."

झालेली व्हिजिट पुन्हा उघडता येत नाही म्हणे, नवा अर्ज करायचा. नव्या अर्जात पुन्हा 'इतर', पुन्हा फोटो. दुकानदार म्हणाला, वॉरंटी जाऊ द्या, माझा पोरगा उद्या मारून देतो. मिस्त्रीही म्हणाले, "जानेवारीचं ऊन आहे ताई, वाळलं कवाचंच." वरून वाळलेलं दिसत होतंच. पण नागपूरची हवा कोरडी, ती वरचा थर झटकन सुकवते. खाली काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

म्हणून वाट पाहता पाहता मी प्लास्टिकची चाचणी करून टाकली. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फुटाचा चौकोन कापायचा, चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट लावायच्या आणि किमान १६ तास हलवायचा नाही. प्रत्येक खोलीत वेगळा, आणि भिंतीजवळ एक नक्की. हॉलमधला चौकोन सकाळी कोरडा ठणठणीत निघाला. मधल्या खोलीत परसाकडच्या भिंतीजवळचा मात्र आतून दवाच्या थेंबांनी भरलेला. प्लास्टिक उचललं तर खाली कोब्यावर बरोबर तेवढाच काळपट चौकोन, कडा रेघ मारल्यासारख्या.

कारण साधं आहे. जुन्या घरांत कोब्याखाली प्लास्टिक अंथरलेलं नसतं. खाली आपली काळी माती, ती पावसाचं पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि ओल हळूहळू वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती उडून जाते, म्हणून कधी जाणवत नाही. त्यावर इपॉक्सीचा घट्ट थर दिला की ती अडकते, फोड येतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. बहुतेक इपॉक्सींना ४ टक्क्यांच्या वर ओल चालत नाही.

शेवटी तंत्रज्ञ आला. चांगला पोरगा होता, माझा राग त्याच्यावर नाही. त्याने हॉलच्या मधोमध मीटर टेकवलं, आकडा लिहिला आणि मशीन पिशवीत घातलं. मी त्याला मधल्या खोलीत नेलं, डाग दाखवला, इथे लावा म्हटलं. तो ओशाळून म्हणाला, "फॉर्ममध्ये एकाच रूमचं रीडिंग भरता येतं, मॅडम." सगळं घर पास झालं होतं! मधल्या खोलीवर फोड आले असते तर तो कागद माझ्याच तोंडावर फेकला असता. तेव्हा माझं सांगणं एवढंच, व्हिजिटची वाट पाहायची तर पाहा, पण प्लास्टिक स्वतः चिकटवा आणि त्याचंच ऐका.

मग मी घर वाटून टाकलं. हॉलला इपॉक्सी, मधल्या खोलीला सिमेंटचाच रंगीत पातळ थर, कारण सिमेंट ओलीला वाट देतं.

हॉलचं फार सांगण्यासारखं नाही. प्रायमर, मग दोन हात. थंडीत रात्री पारा १० च्या खाली गेला तर इपॉक्सी नीट पकडत नाही, म्हणून काम दुपारी. उलट मे महिन्यात डबा कालवला की हातातच घट्ट व्हायला लागतो, तेव्हा लागेल तेवढाच कालवा.

मधल्या खोलीत एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं रसायन) आणि सिमेंटची लापशी ब्रशने घासून मारली आणि ती ओली असतानाच एसबीआर घातलेला थर ओढला. लापशी सुकू दिली की ती धरण्याऐवजी सोडते. मिस्त्री मध्येच खर्रा खायला निघाले होते, त्यांना दारातून परत बोलावलं. रंगासाठी इतवारीतून लाल ऑक्साइड आणलं. सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर ते जाऊ द्यायचं नाही, आम्ही निम्म्यावर थांबलो आणि लाली भरपूर आली. पूर्ण खोलीचं सिमेंट आणि ऑक्साइड कोरडंच एकत्र चाळून ठेवा. घमेल्यागणिक कालवलं तर जमिनीवर घमेल्यागणिक छटा दिसतात. कन्हानची रेतीही बारीक चाळून घेतली.

पाणी मारायला गोणपाट वापरू नका, रंगावर डाग पडतात. बोअरचं पाणीही नको, पांढरा खार येतो. एसबीआर घातलेल्या थराला पहिले एक-दोन दिवस ओल पुरते, मग हवेत वाळू द्यायचा. नुसत्या सिमेंटचा कोबा असेल तर मात्र १० ते १४ दिवस पाणी लागतं. पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात हे काम काढूच नका, थापी फिरेपर्यंत वरचा थर सुकतो आणि केसाएवढे तडे पडतात. वाळल्यावर फक्त मेण घासलं. मिस्त्री चकचकीत लाखेचा हात देतो म्हणत होते, पण त्याने ओल पुन्हा कोंडली असती.

हो, व्हरांड्यात ऊन येत असेल तर तिथे इपॉक्सी नको, पिवळा पडतो. पॉलियुरेथेनचा थर मागा.

खर्च टाइल्सच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी आला, एकही दरवाजा कापला नाही. सासूबाई मधल्या खोलीतच झोपतात, हॉलच्या जमिनीवर पाय घसरेल असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ओल्या पायाने ते खरंच आहे. शेवटच्या हातात बारीक रेतीची पूड टाकून घ्या. पुसायला साधं साबणपाणी. संडास धुवायचं ॲसिड लाल जमिनीवर सांडू देऊ नका, तेवढा डाग मग जात नाही.