ड्यूटीच्या वाटेवरचे घर

महिनाभराच्या सुट्टीवर कोल्हापूरला आले आहे. परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेले असताना शिवाजी पेठेतल्या आमच्याच गल्लीतल्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. ती परिचारिका आहे, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाली आहे आणि जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या दोन रुग्णालयांनी तिला नोकरी देऊ केली आहे. त्यांतले एक स्टुटगार्ट शहरात आहे आणि दुसरे डोंगराळ भागातल्या एका लहान गावात. "ताई, राहायला कुठं बरं पडेल?" एवढेच तिने विचारले. त्याच राज्यात सहा वर्षे नोकरी करूनही मला तिला चटकन उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी जे तुटक तुटक सांगितले, ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण सध्या तिच्यासारख्या कितीतरी मुली याच तयारीत आहेत.

आपल्याकडे घर बघायला गेलेला माणूस आधी दोन गोष्टी विचारतो: नळाला पाणी किती वेळ असते आणि 2019 च्या महापुरात पाणी कुठवर चढले होते. हे प्रश्न कुणी शिकवलेले नसतात, इथे राहून ते आपोआप तोंडी येतात. परक्या मुलखात काय विचारायचे हेच माहीत नसते. मग आपण भाडे बघतो, खोल्यांची छायाचित्रे बघतो, जवळपास आपली माणसे किती आहेत याची चौकशी करतो आणि होकार देऊन मोकळे होतो. मीही तेच केले होते.

पहिले वर्ष रुग्णालयाच्या कर्मचारी वसतिगृहात काढल्यावर मला स्वतःचे घर हवेसे वाटू लागले. शहरापासून बऱ्याच अंतरावरच्या एका खेड्यात दोन खोल्यांचे घर स्वस्तात मिळाले. खिडकीतून सफरचंदांची बाग दिसत होती आणि मी घर बघायला गेले त्या मंगळवारी दर अर्ध्या तासाला बस होती. सही करून आले. पुढच्या रविवारी सकाळपाळी होती, म्हणजे सहाला वॉर्डात हजर राहायचे होते. शनिवारी संध्याकाळी मी थांब्यावरचा वेळापत्रकाचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर तीन रकाने होते: सोमवार ते शुक्रवार, शनिवार, आणि रविवार व सुट्टीचे दिवस. पहिला रकाना आकड्यांनी खच्चून भरलेला होता, तिसऱ्यात मात्र मोजून सहा आकडे होते आणि त्यांतला पहिला आठ वाजून पाच मिनिटांचा होता.

परिचारिकेला महिन्यातले निदान दोन शनिवार-रविवार कामावर जावेच लागते. त्या शनिवारी रात्री मी वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या खोलीत गादी टाकून झोपू लागले. दुपारपाळी रात्री नऊनंतर सुटली की शेवटची बस निघून गेलेली असायची, मग टॅक्सी करावी लागायची. भाड्यात वाचवलेले पैसे त्यात गेले, पण त्याचे मला तितके वाटले नाही. एका पहाटे औषधाची मात्रा मोजताना आपण तोच आकडा तिसऱ्यांदा तपासतो आहोत, हे माझ्या लक्षात आले, आणि झोप पुरी न झालेल्या माणसाने रुग्णाजवळ उभे राहू नये, या विचाराने मी घर सोडायचे ठरवले. तिथे भाडेकरूला घर सोडण्यासाठी तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्यामुळे केलेली चूक आणखी तीन महिने निस्तरत बसावी लागली.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले की आधी शहर की खेडे हा विचार बाजूला ठेव. रविवारी पहाटे पाचला घरातून निघून तू रुग्णालयात कशी पोहोचशील आणि रात्री साडेनऊला परत कशी येशील, एवढे दोन प्रवास वेळापत्रकात शोध आणि मग भाड्याकडे बघ. नगरपालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या मालकीच्या रुग्णालयांत पगार सामूहिक वेतनकराराने ठरतो आणि तो देशभर जवळपास सारखाच असतो. भाडे मात्र मोठ्या शहरात फार चढे असते. त्यामुळे लहान गावात पैसे खरोखर शिल्लक पडतात. अट एकच, घर रुग्णालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर हवे. पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत सहायकाचा, म्हणजे कमी पगार हातात येतो, हेही हिशेबात धरायला हवे.

जाहिरातीतले भाडे बहुधा "काल्टमीटे", म्हणजे कोरडे भाडे असते. पाणी, हीटिंग आणि इमारतीचा खर्च त्यावर वेगळा पडतो. अनामत रक्कम अशा कोरड्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल, असे कुणी लिहिले तर उत्तरसुद्धा देऊ नये. आणि स्वयंपाकघर आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. आपल्याला हा प्रश्न सुचतच नाही, पण तिथे कित्येक घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसते. भिंतीतून नळाची दोन तोंडे आणि शेगडीची जाड वायर तेवढी बाहेर आलेली असते. आधीचा भाडेकरू आपले सामान विकत असेल, तर ते घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपायच्या खोलीच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने खाली सोडायची झडप, जिला तिथे "रोलाडन" म्हणतात, आहे का ते पाहावे. जून महिन्यात पहाटे साडेपाचच्या आत उजाडते आणि रविवारी चर्चच्या घंटा मनसोक्त वाजतात. त्या भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी भाडेकरूंकडे दर आठवड्याला फिरते आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकवलेली असते. रात्रपाळीच्या आठवड्यात ती पाटी आपल्या दारावर आली, तर शेजारणीशी आधीच बोलून पाळी बदलून घ्यावी. शेजारणी समजून घेतात, फक्त सांगायला हवे.

आपली माणसे, आपले दुकान यांची ओढ मला कळते. पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार पडू लागला की मराठी शब्द कानावर पडावा असे फार वाटते. पण त्यासाठी सुट्टीच्या दिवशी तासभर रेल्वेने जाता येते, आणि कांदा-लसूण मसाला घरून नेलेला सहा महिने पुरतो. ड्यूटीला रोज जावे लागते.

तिने तिथेच फोनवर वेळापत्रक उघडले आणि रविवार निवडला. स्टुटगार्टच्या भाडेघरांपासून पहाटेची गाडी होती, पण भाडे तिच्या पहिल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होते. लहान गावातल्या रुग्णालयाला वसतिगृह आहे, असे नियुक्तिपत्राच्या शेवटच्या पानावर लिहिलेले सापडले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तिथल्या कार्यालयाला पत्र लिहिले: खोली पहिल्या दिवसापासून मिळेल का, रहिवासी नोंदणीसाठी घरमालकाचा दाखला मिळेल का, कारण ती नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते, आणि रात्रपाळीनंतर दिवसा झोपता यावे म्हणून खिडकीला झडप आहे का. उत्तराची वाट पाहतो आहोत.